सांधेबदलानंतरच्या विश्रांतीत हॅम रेडिओची सोबत

गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता देशातील मोठ्या शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही ती होते आणि रुग्ण काही दिवसांतच घरी परततो. मात्र, शस्त्रक्रियेचे यश ज्या काळावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, तो काळ रुग्णालयात नव्हे, तर घरी जातो. वेदना, अपुरी झोप, व्यायामाचा कंटाळा आणि चार भिंतींतला एकटेपणा यांच्याशी रुग्णाला रोज झुंजावे लागते. या काळात हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा छंद चांगली सोबत करू शकतो. त्यासाठी पायांवर भार द्यावा लागत नाही, घराबाहेर पडावे लागत नाही आणि तरीही माणसांशी संवाद तुटत नाही. अट एकच आहे. हा छंद व्यायामाच्या वेळापत्रकात बसवला पाहिजे, व्यायामाची जागा त्याने घेता कामा नये.

घरी परतल्यानंतरचे आठवडे

आधुनिक सांधेबदलाचा पाया इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी घातला. लँकेशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात १९६२ मध्ये त्यांनी धातूचा गोळा आणि टिकाऊ पॉलिथिलीनची वाटी यांच्या साहाय्याने खुब्याचा कृत्रिम सांधा बसवला. पुढील दशकात गुडघ्याच्या सांध्यांची रचनाही विकसित झाली. भारतात या शस्त्रक्रियेची सर्वसामान्यांत खऱ्या अर्थाने चर्चा झाली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईतील ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांच्या गुडघ्यांवर ही शस्त्रक्रिया केली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती निश्चित केल्या आणि खर्चाचा भार काहीसा हलका झाला.

शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. सुमारे दोन आठवड्यांनी टाके काढले जातात. पुढच्या काही आठवड्यांत वॉकर सुटून काठी हाती येते आणि साधारण सहा आठवड्यांनंतर बऱ्याच जणांची घरातील हालचाल सुकर होते. सूज मात्र काही महिने टिकू शकते आणि सुधारणा वर्षभर सुरू राहते. प्रत्येकाची गती वेगळी असल्याने शेजाऱ्याच्या गुडघ्याशी आपल्या गुडघ्याची तुलना करण्यात अर्थ नसतो.

पहिल्या काही आठवड्यांत दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या असतात. पहिली म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणे आणि पुरेसा वाकणे. या काळात व्यायामात हयगय झाली, तर सांध्याभोवती आत व्रणाच्या ऊती घट्ट होतात आणि गुडघा आखडतो. काही रुग्णांना मग पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट रक्ताच्या गुठळीची. दीर्घकाळ न हलता बसल्यास पोटरीतील शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती फुप्फुसापर्यंत पोचली, तर जीवावर बेतू शकते. म्हणूनच रक्त पातळ ठेवणारी औषधे, घोट्यांची वारंवार हालचाल आणि दर तासाला थोडे चालणे यांवर डॉक्टर भर देतात.

या सगळ्या सूचना पाळण्यासाठी मन थाऱ्यावर असावे लागते. प्रत्यक्षात घरातील मंडळी कामावर गेल्यावर रुग्ण दिवसभर एकटा असतो. भेटीला येणाऱ्यांची वर्दळ पहिल्या आठवड्यात असते, नंतर ओसरते. दूरचित्रवाणी पाहता पाहता तीन तास निघून जातात, पण त्या तीन तासांत कोणी रुग्णाला प्रश्न विचारत नाही आणि त्याच्याकडून उत्तराची अपेक्षाही करत नाही. हॅम रेडिओचे वेगळेपण नेमके येथे आहे.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वतःच्या आवडीसाठी, तांत्रिक प्रयोगांसाठी आणि परस्परसंवादासाठी रेडिओ लहरींचा वापर करणाऱ्यांना हौशी रेडिओचालक किंवा हॅम म्हणतात. आकाशवाणीच्या केंद्रावरून कार्यक्रम प्रसारित होतो आणि श्रोते तो ऐकतात. हॅम रेडिओत मात्र प्रत्येक केंद्र बोलतेही आणि ऐकतेही. मध्ये दूरध्वनीची कंपनी नसते, इंटरनेटची आवश्यकता नसते. एका घरातील अँटेनापासून दुसऱ्या घरातील अँटेनापर्यंत लहरी थेट जातात, किंवा वातावरणाच्या वरच्या थरांवरून परत फिरून पोचतात.

जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरहून अधिक उंचीवर सूर्याच्या किरणांमुळे वायूंचे रेणू विद्युतभारित होतात. या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे वळतात आणि हजारो किलोमीटर दूर उतरतात. सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रानुसार हा आरसा कधी लख्ख तर कधी मंद होतो. सध्याच्या पंचविसाव्या चक्राने २०२४ च्या सुमारास कमाल पातळी गाठल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले होते.

हौशी रेडिओसाठी आंतरराष्ट्रीय करारांनुसार ठरावीक पट्टे राखून ठेवलेले आहेत. भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा ४० मीटरचा पट्टा आणि १४ ते १४.३५ मेगाहर्ट्झ हा २० मीटरचा पट्टा दूरच्या संपर्कासाठी लोकप्रिय आहेत. शहरातल्या शहरात किंवा आसपासच्या परिसरात बोलण्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा दोन मीटरचा पट्टा हातात मावणाऱ्या छोट्या संचावरही वापरता येतो. उंच ठिकाणी बसवलेले रिपीटर हा क्षीण संकेत घेऊन अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतात आणि त्याचा पल्ला वाढवतात.

या छंदाची परंपरा भारतात शंभर वर्षांहून जुनी आहे. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये कोलकात्यात पहिले हौशी केंद्र सुरू केल्याची नोंद आहे. देशातील हौशी रेडिओचालकांच्या राष्ट्रीय संघटनेची सुरुवात १९४८ मध्ये महू येथे झाली. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते. शारीरिक मर्यादा असणाऱ्यांसाठी या छंदाचा उपयोग करण्याचा विचारही नवा नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६७ मध्ये 'हँडिहॅम' हा उपक्रम त्याच हेतूने सुरू झाला.

विश्रांतीच्या काळाशी जुळणारा छंद

सांधेबदलानंतरच्या दिवसांचे काही खास स्वरूप असते. एका जागी फार वेळ बसायचे नसते, पण घराबाहेरही फारसे जायचे नसते. एकाग्रता टिकत नाही, मात्र रिकामेपणा खायला उठतो. हॅम रेडिओवरील संवाद बहुधा लहान असतात. एक केंद्र साद घालते, दुसरे प्रतिसाद देते. संकेत किती स्पष्ट आणि किती जोरकस आला याचा अहवाल दिला जातो, नाव आणि गाव सांगितले जाते, हवामानाची चौकशी होते आणि निरोप घेतला जातो. पाच-दहा मिनिटांत एक भेट पुरी होते. त्यानंतर उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, तरी काही निसटत नाही. पुढची भेट तितक्याच सहज सुरू होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हवेत रुग्ण हा रुग्ण नसतो, तो एक केंद्र असतो. घरात सर्वजण त्याच्याकडे गुडघ्याच्या संदर्भात पाहतात. रेडिओवर मात्र त्याला विचारले जाते ते त्याच्या अँटेनाबद्दल, संचाबद्दल आणि संकेताबद्दल. ऐकू न येणाऱ्या एखाद्या केंद्राचा संदेश पुढे पोचवण्याची विनंती त्याला केली जाते. कोणाला तरी आपला उपयोग होतो आहे, ही जाणीव दीर्घ विश्रांतीच्या काळात मोलाची ठरते.

विशेष म्हणजे, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हौशी रेडिओवरील संभाषण हे या सेवेच्या उद्देशांशी निगडित बाबी आणि वैयक्तिक स्वरूपाचे बोलणे यांपुरते मर्यादित असते. व्यापार, जाहिरात यांना तेथे थारा नसतो. त्यामुळे गप्पांचा सूर बहुधा घरगुती राहतो. 'गुडघा किती वाकला?' हा प्रश्न त्या चौकटीत अगदी सहज बसतो. सेवानिवृत्तांचा या छंदात मोठा सहभाग असल्याने त्याच अनुभवातून गेलेला एखादा आवाज पलीकडून भेटणेही अशक्य नसते.

परवाना आधी, प्रक्षेपण नंतर

ऐकणे आणि बोलणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेमार्फत दिला जातो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. हौशी सेवेच्या १९७८ च्या नियमांत २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित आणि सर्वसाधारण अशा दोन श्रेणी ठरवण्यात आल्या. किमान वय बारा वर्षे ठेवण्यात आले. दोन्ही श्रेणींत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर प्रश्न विचारले जातात. सर्वसाधारण श्रेणीसाठी मोर्स संकेतांची, मिनिटाला आठ शब्दांच्या गतीची, चाचणीही ठेवण्यात आली. प्रतिबंधित श्रेणीच्या चालकांची ओळखखूण सामान्यतः 'व्हीयू३' ने आणि सर्वसाधारण श्रेणीची 'व्हीयू२' ने सुरू होते. अर्ज 'सरल संचार' या शासकीय संकेतस्थळावरून करता येतो. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्जापूर्वी तेथील ताजी माहिती पाहणे इष्ट ठरते.

परीक्षा, पोलीस पडताळणी आणि परवाना या टप्प्यांना अनेक महिने लागू शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यानंतर परवान्याचा विचार सुरू केला, तर विश्रांतीच्या काळात तो हाती असण्याची शक्यता कमी असते. ज्यांच्याकडे आधीपासून परवाना आहे, पण नोकरी-संसाराच्या धबधब्यात संच धूळ खात पडला आहे, त्यांच्यासाठी हा काळ पुनरारंभाचा ठरू शकतो. इतरांसाठी तो अभ्यासाचा काळ असतो. ओहमचा नियम, अँटेनाची लांबी, पट्ट्यांच्या मर्यादा आणि संकेतांचे संक्षेप शिकण्यास सहा आठवडे पुरेसे असतात. मोर्सचा सराव तर पलंगावर पडूनही होतो. बिंदू आणि रेषा डोळ्यांनी पाठ करण्यापेक्षा कानांनी, तालासारख्या, आत्मसात करणे सोपे जाते.

या काळात ऐकण्याचा मार्ग इंटरनेटवरूनही खुला असतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाने २००८ मध्ये संगणकावरून कोणालाही ऐकता येईल असा लघुलहरींचा ग्राहक संच उपलब्ध करून दिला. त्यानंतर जगभर असे अनेक संच उभे राहिले. हॅम कसे बोलतात, साद कशी घालतात, निरोप कसा घेतात याचा परिचय त्यातून घरबसल्या होतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

अँटेना उभारणे हे शिडी, गच्ची आणि उंचीचे काम आहे. ते शस्त्रक्रियेपूर्वी आटोपणे किंवा दुसऱ्यावर सोपवणे याला पर्याय नाही. दुखणाऱ्या गुडघ्याने शिडी चढणे धोक्याचे असते, नव्या गुडघ्याने चढणे त्याहून धोक्याचे. शहरातील हॅम क्लबांचे सदस्य अशा कामात मदत करण्यास सहसा तयार असतात.

४० मीटरच्या पट्ट्यासाठी साध्या द्विध्रुव अँटेनाची लांबी काढण्याचा हिशेब सोपा आहे. १४३ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले, की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर, तर १४.२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १० मीटर येते. गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर एवढी तार ताणायची असेल, तर समितीची परवानगी आधी घ्यावी. परवानगी न मिळाल्यास गॅलरीच्या कठड्याला बसणारी आखूड उभी अँटेना किंवा एका टोकाने जोडलेली बारीक तार हा पर्याय असतो. त्यांची कार्यक्षमता कमी असली, तरी संपर्क होतात. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी तर अर्धा मीटर लांबीची उभी दांडी पुरते.

घराच्या आतील मांडणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. वॉकर घेऊन चालणाऱ्यासाठी जमिनीवरून गेलेली एकही तार धोक्याची असते. अँटेनाची केबल, वीजपुरवठ्याची तार, हेडफोनची दोरी या सर्व भिंतीकडेने किंवा मेजाच्या मागून नेऊन पट्ट्यांनी घट्ट बांधाव्यात. वाटेतील सतरंज्या काढून टाकाव्यात. चाकांची फिरती खुर्ची या काळात वापरू नये. हात टेकवून उठता येईल अशी, भक्कम आणि पुरेशी उंच खुर्ची असावी. खुबा बदललेल्या रुग्णांना कमरेतून फार वाकणे, खोल बसणे किंवा पायावर पाय टाकणे बहुधा काही आठवडे वर्ज्य असते. त्यांच्यासाठी संच, मायक्रोफोन आणि वही हाताच्या टप्प्यात, मेजाच्या पातळीवर असली पाहिजे. खाली पडलेली पेन्सिल वाकून उचलण्याचा मोह टाळावा. पायाने दाबायचा प्रक्षेपणाचा खटका वापरत असल्यास तो तूर्त बाजूला ठेवून हातातील खटका वापरावा.

वहीत दोन रकाने

हॅम रेडिओत प्रत्येक संपर्काची नोंद ठेवण्याची शिस्त आहे. तारीख, वेळ, वारंवारता, समोरच्याची ओळखखूण आणि संकेताचा अहवाल असे रकाने वहीत असतात. याच वहीत व्यायामाचा एक रकाना वाढवला, तर दोन्ही शिस्ती एकमेकींना आधार देतात. दोन संपर्क झाले की उठायचे, हा नियम घड्याळाच्या गजरापेक्षा अधिक सहज पाळला जातो. ऐकत असताना घोटे वर-खाली करणे, मांडीचा स्नायू आवळून पाच-दहा सेकंद धरणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितले असतील तितक्या वेळा खुर्चीतही करता येतात.

सोयीसाठी गुडघ्याखाली उशी ठेवून बसण्याची सवय मात्र टाळावी. त्यामुळे गुडघा किंचित वाकलेल्या अवस्थेत आखडण्याची शक्यता असते. पाय उंच ठेवायचा असल्यास आधार टाचेखाली द्यावा. बर्फाचा शेक घेण्याची पंधरा-वीस मिनिटे ही ऐकण्यासाठी उत्तम वेळ असते, कारण तेव्हा हात आणि कान दोन्ही मोकळे असतात.

संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या पद्धतींबाबत थोडी सावधगिरी हवी. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये 'एफटी८' ही पद्धत विकसित केली. तिच्यात पंधरा-पंधरा सेकंदांच्या आळीपाळीने छोटे संदेश जातात आणि कानाला ऐकूही न येणारे क्षीण संकेत संगणक उलगडतो. गॅलरीतील लहान अँटेना आणि पाच वॅट शक्ती एवढ्यावर दूरचे देश मिळू लागतात. त्यामुळे ती विश्रांतीच्या काळात सोयीची वाटते. परंतु 'आणखी एक देश' म्हणता म्हणता दोन तास खुर्चीतच जातात. दरवर्षी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या ४८ तासांच्या जागतिक स्पर्धांबाबतही तेच म्हणता येईल. त्या वर्षी स्पर्धा थोडी ऐकावी, एखादा तास भाग घ्यावा आणि गुणसंख्येचा विचार पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा.

झोप न येणाऱ्या रात्री

गुडघेबदलानंतर अनेकांना रात्र जड जाते. कूस बदलता येत नाही, पाय ठसठसतो आणि पहाटेपर्यंत जाग राहते. रेडिओच्या दृष्टीने मात्र रात्रीचे स्वतःचे वैभव असते. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. त्यामुळे मुंबईहून नागपूर, हैदराबाद, बंगळूर असे काही शे किलोमीटरवरचे आवाज स्पष्ट येतात, पण परदेश फारसा मिळत नाही. सूर्यास्तानंतर हा थर विरून जातो. वरचा थर मात्र टिकून राहतो आणि त्याच पट्ट्यावर हजारो किलोमीटर दूरची केंद्रे उमटू लागतात. भारतात मध्यरात्र उलटते तेव्हा युरोपात संध्याकाळ सरत असते आणि तेथील हॅम जेवण आटोपून संचासमोर बसलेले असतात.

अशा वेळी हेडफोन लावून, घरातील कोणाचीही झोप न मोडता ऐकता येते. उत्तर देण्याची सक्ती नसते. रात्रीच्या औषधांमुळे गुंगी येत असेल, तर केवळ ऐकावे. गुंगीत संच उघडणे, तारा जोडणे किंवा डाग देण्याचे काम करणे कटाक्षाने टाळावे. झोप सलग अनेक रात्री येत नसल्यास तो छंदाचा नव्हे, तर डॉक्टरांना सांगण्याचा विषय आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आकाशाकडे कान लावण्याचा आणखी एक प्रकार आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक साधारण दीड तासात एक प्रदक्षिणा पुरी करते. डोक्यावरून जाताना त्यावरील हौशी रेडिओचे संकेत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी या स्थानकावरून हॅम रेडिओद्वारे देशातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता. भारतानेही मे २००५ मध्ये हौशी रेडिओसाठी 'हॅमसॅट' हा उपग्रह सोडला होता. तो जुलै २०१४ पर्यंत कार्यरत होता. गॅलरीतून असे संकेत ऐकताना एक पथ्य पाळावे. एका हातात संच आणि नजर आभाळात असताना तोल जाऊ शकतो, म्हणून खुर्चीत बसूनच ऐकावे.

सुरक्षिततेच्या काही बाबी

धातूचा सांधा शरीरात असताना रेडिओ वापरणे सुरक्षित आहे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. कृत्रिम गुडघा किंवा खुबा हे विद्युत उपकरण नव्हे. त्यात बॅटरी नसते, परिपथ नसतो. त्यामुळे रेडिओ लहरींनी त्याचे कार्य बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही प्रक्षेपण चालू असताना अँटेनापासून अंतर राखणे आणि आवश्यक तेवढीच शक्ती वापरणे हा सर्वच हॅमसाठीचा नियम आहे. घरात किंवा गॅलरीत अँटेना असेल, तर तो अधिक काटेकोरपणे पाळावा. हृदयात पेसमेकर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी प्रक्षेपण करण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत विजांचा धोका असतो. एरवी गडगडाट ऐकू येताच हॅम लगबगीने अँटेना सोडवतात. वॉकरवर असलेल्याला ही लगबग परवडणारी नसते. म्हणून आभाळ भरून येण्याआधीच केबल काढून बाहेर ठेवण्याची जबाबदारी घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे असावी.

रेडिओवरील संभाषण कोणीही ऐकू शकते. शस्त्रक्रिया झाल्याचे सांगण्यास हरकत नाही, परंतु घराचा संपूर्ण पत्ता, दिवसभर घरी एकटे असल्याची माहिती किंवा औषधांचा तपशील हवेत सांगू नये.

पोटरीत दुखणे किंवा अचानक वाढलेली सूज, धाप लागणे, छातीत दुखणे, ताप, जखमेतून स्राव किंवा वाढती लाली ही लक्षणे दिसल्यास संभाषण तेथेच थांबवून तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. त्यासाठी दूरध्वनी नेहमी हाताशी ठेवावा. रेडिओवरील मित्राने सांगितलेला अनुभव हा दिलासा देऊ शकतो, उपचाराचा सल्ला म्हणून तो स्वीकारू नये.

विरंगुळ्यापलीकडे

हॅम रेडिओकडे केवळ वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहिले, तर त्याचा अर्धाच परिचय होतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचे पथक दूरच्या देशांशी संपर्काच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. दळणवळण कोलमडल्यावर त्यांनी छंदासाठी आणलेले संच मदतकार्यासाठी वापरले आणि बेटांवरील लोकांच्या खुशालीचे संदेश मुख्य भूमीवर पोचवले. २००१ च्या गुजरात भूकंपातही हॅम मदतीला धावून गेले होते.

अशा प्रसंगी घटनास्थळी जाणाऱ्यांइतकीच गरज असते ती दूरवर, शांत ठिकाणी बसून लक्षपूर्वक ऐकणाऱ्यांची. क्षीण आवाजातील नावे अचूक टिपून घेणारा, ती न चुकता पुढे सांगणारा आणि मध्येच न बोलता वारंवारता मोकळी ठेवणारा चालक तेथे उपयोगी पडतो. या कामासाठी धावता येण्याची आवश्यकता नसते. कान, संयम आणि नीट ठेवलेली वही लागते. विश्रांतीच्या आठवड्यांत रोज थोडा वेळ ऐकण्याचा सराव झाला, तर तीच क्षमता नकळत तयार होते.

नव्या सांध्याची खरी परीक्षा चालण्यातच होते आणि चालण्याला पर्याय नाही. म्हणून रेडिओ किती तास चालला यावरून त्याचा लाभ ठरत नाही. संचासमोर बसलेला माणूस वेळेवर उठला का, ठरलेले व्यायाम झाले का आणि संध्याकाळी त्याला उद्याची उत्सुकता वाटली का, यावरून तो ठरतो. सहा आठवड्यांनी वॉकर कोपऱ्यात जाईल. तोवर वहीत जमलेल्या ओळखी मात्र गुडघा पूर्ववत झाल्यानंतरही त्याच वारंवारतेवर भेटत राहतील.